गंगव्वाचा पाय आणि आपलं भांडण

मास्तर, आठ दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं तुमचं? एरवी एक भाकरी तासभर चावत बसणारा माणूस, आणि मरायची एवढी घाई! सोमवारी ताप चढला काय, बुधवारी पहाटे गेलात काय, आणि तुम्हाला कबरस्तानात पोचवून आम्ही घरी येऊन चुली पेटवल्या काय. आणि आज, आज गंगव्वा आली होती! आपल्या अंगणात, बैलगाडीत बसून, पाय पुढं पसरून! लिहायला बसले तर दौत दोनदा कलंडली.

पाळकसाहेबांनी मला मंडळीच्या मासिकासाठी चार ओळी लिहायला सांगितल्यात. प्रभूमध्ये निद्रिस्त झालेले शांतवन मास्तर, त्यांचा जन्म, शिक्षण, सेवा, वगैरे. ते त्यांचं त्यांनी लिहावं. मला तुमच्याशी बोलायचंय. दोन गोष्टी आहेत. पहिली ऐकून तुम्ही खुर्चीतून ताडकन उठाल. दुसरी ऐकून काय कराल ते मला ठाऊक नाही, पण ती सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

परवा पुण्याकडचे एक पाहुणे तुमच्या दुखवट्याला आले होते, उशिरा कळलं म्हणून. त्यांनी मला विचारलं, या वर्गात तुम्ही दोघं शिकवत होतात तरी काय? मी म्हटलं, खेड्यात जाऊन राहणारे उपदेशक आणि बायबलबाया इथं तयार होतात. दोन वर्षं. सकाळी मास्तर शास्त्र शिकवायचे, प्रार्थना शिकवायचे आणि शील शिकवायचे. दुपारनंतर मी. जखम धुणं, डोळ्यांत औषध घालणं, बाळंतिणीला शेक देणं, विहिरीत लाल औषध टाकणं, बैल जुंपणं, तीन दगडांवर भाकरी करणं. ते म्हणाले, मग यातलं मुख्य काय? मी हसायलाच लागले हो! माणूस कबरीत जाऊन आठवडा झाला नाही, आणि कोणीतरी आपलं भांडण जसंच्या तसं ताटात वाढून पुढं ठेवलं.

अठरा वर्षं भांडलो आपण. रोज दुपारी, स्वयंपाकघराच्या मागच्या लिंबाखाली, तुमच्या ताटात शेंगाचटणी आणि माझ्या तोंडात आग. 'बाई, शील नसेल तर हुशार हात कुठंही शिरतो.' आणि मी म्हणायची, 'हात नसेल तर मास्तर, तुमचं शील लोकांच्या ओसरीवर बसून राहतं आणि घरधनीण त्यालाच पाणी शेंदून देते.' तुम्ही चावायचं थांबवायचे, विचार करायचे, आणि पुन्हा चावायला लागायचे. मला वाटायचं उचलून आपटावं. एकदा तरी आवाज चढवा की हो! कधी नाही. सोलापूरच्या वैशाखात काळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घालणारा माणूस तो. कोटाचं बटण तुटलं की मात्र ही इस्तरबाई लागायची. सुईत दोरा ओवता येत नव्हता तुम्हाला. बैल जुंपायला गेलात तेव्हा उजवीकडचा डावीकडं लावलात, आणि गाडी गिरणीऐवजी उकिरड्यात गेली. त्यावर तुम्ही म्हणालात, 'बैलाचा दोष नाही.' हे तुमचं शील!

पण कबूल करते, मला इथं उभं केलं ते तुम्हीच. मी आले होते स्वयंपाकीण म्हणून. नवरा गेलेला, अक्कलकोटकडची, कानडीमिश्रित बोलणारी, पाटीवरची अक्षरं बोट लावून वाचणारी बाई. एक शिकाऊ मुलगा कढईतल्या तेलानं भाजला, आणि मी त्याचा हात नीट धुऊन बांधला, एवढंच. तुम्ही दारात उभं राहून बघत होतात. आठ दिवस रोज येऊन त्या हाताकडं बघितलंत. मग पंचांच्या सभेत उठून म्हणालात, 'ही बाई शिकवील.' लोक हसले. 'स्वयंपाकीण शिकवणार?' तुम्ही म्हणालात, 'मी तिच्या तासाला बसेन.' आणि बसलात की! पहिले सहा महिने मागच्या चटईवर मांडी घालून, पट्टी बांधायला शिकत. शेवटपर्यंत आली नाही ती वेगळी गोष्ट.

आणि तो आठ दिवसांचा मुक्काम. ती कल्पना तुमचीच. दोन वर्षं संपली की शिकाऊ माणसाला एका खेड्यात आठ दिवस एकटं धाडायचं. बरोबर शिधा नाही, शिफारशीची चिठ्ठी नाही, थोडं औषध आणि शास्त्राचं पुस्तक. नवव्या दिवशी तुम्ही स्वतः त्या गावी चालत जायचे. आता अक्कलकोट रस्त्याला मोटार सुरू झाली, तरी तुम्ही चालतच. गावकऱ्यांना एकच विचारायचं, 'ह्याला परत धाडू का?' ते हो म्हणाले तर कागदावर तुमची सही आणि माझी सही. नाही म्हणाले तर माणूस घरी. मी म्हणायची, ही कसली परीक्षा? तुम्ही म्हणायचे, 'बाई, आपण दोघं भांडत बसू. त्यांना राहायचंय त्याच्याबरोबर.'

शमुवेल आठवतो का? तुमचा लाडका. देवमाणूस, मुंगीला वाट देणारा. त्याच्या गावच्या लोकांनी तुम्हाला काय सांगितलं? 'मास्तर, मानूस लई गुनाचा हाय. पर त्याला पानी बी शेंदता येत न्हाय. पोरगं तापलं तर ह्यो डोळं मिटून बसतो, आन् त्याला बघाया आमचंच एक मानूस लागतंय. परत धाडू नका.' त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला वाटलं आता काहीतरी पळवाट काढणार. पण तुम्ही त्याला समोर बसवून सांगितलंत, आणि त्याच्याबरोबर तुम्हीच रडलात. स्वतःच्या लाडक्याला नापास करणं सोपं नाही हो. ते मी बघितलं होतं. बघूनही मी जे केलं ते केलं.

या वर्षीची माझी लाडकी मार्था. सोलापूरच्या विणकर घरातली, तेलुगू बोलणारी, पंचविशीची विधवा, पाच वर्षं गिरणीत काढलेली. हात म्हणजे काय सांगू! जखम बघितली की बोटं आपोआप कामाला लागायची. तिनं बांधलेली पट्टी मी स्वतः सोडून बघायची, कशी बांधली ते कळावं म्हणून. तोंड मात्र फटकळ, आणि सगळं कसं आत्ताच्या आत्ता व्हायला पाहिजे. तुम्ही म्हणायचे, 'हिला घाई फार.' मी म्हणायची, 'गिरणीत हळू चालणाऱ्याचं बोट जातं मास्तर.' तिला धाडलं कुंभारीच्या पुढं तीन कोसांवरच्या एका गावी, आणि गाठ पडली गंगव्वाशी.

गंगव्वा म्हणजे गावच्या पाटलाची आई. पायात नारू. आपल्याकडं पायऱ्यांच्या विहिरी, लोक पाय बुडवून पाणी भरतात आणि तेच पितात, मग दर उन्हाळ्यात कोणाकोणाच्या पायातून तो पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर येतो. त्याला काडीवर गुंडाळायचं, रोज बोटभर, जास्त नाही. ओढला की तुटतो, आणि तुटला की आतला तुकडा पाय सडवतो. हे मी माझ्या प्रत्येक शिकाऊला पहिल्या महिन्यात शिकवते. मार्थालाही शिकवलं होतं. घरात बाटलेली बाई नको म्हणून गंगव्वानं स्वतःची बाज गोठ्यात नेली, आणि तिथं म्हशीच्या शेजारी पाय पसरून म्हणाली, 'हितं हात लाव.' मार्थानं चार दिवस काडी फिरवली. सुरेख. मग तिनं बोटांवर दिवस मोजले. आठव्या दिवशी मुक्काम संपणार, नवव्या दिवशी मास्तर येणार, आणि नारू काही परीक्षा बघून निघत नाही. पाचव्या दिवशी तिनं ओढला.

तुटला. म्हातारीनं विचारलं, 'निघाला का?' आणि पोरगी घाबरून म्हणाली, 'निघाला की आजी, समदा.'

आता ऐका, मास्तर. सहाव्या दिवशी मी तिथं गेले होते. डोळ्यांचं औषध द्यायच्या निमित्तानं, मोटारीनं, तुम्हाला न सांगता. मला राहवेना, माझी पोर कशी करतेय ते बघायचं होतं. गोठ्याच्या मागं नेऊन मार्थानं मला सगळं सांगितलं. रडत नव्हती, पांढरी पडली होती. म्हणाली, 'बाई, मी आत्ता जाते आन् आजीला सांगते. आन् संध्याकाळी चालत जाऊन मास्तरांना सांगते.' निघालीच होती. मी तिचं मनगट धरलं.

मी म्हटलं, 'वेडी का काय तू? शेक दे, लिंबाचा पाला बांध, चार दिवसांत सूज उतरेल. आत्ता सांगितलंस तर म्हातारी नाही म्हणेल, मास्तर सही करणार नाहीत, आणि हे हात गिरणीत जातील. कागद हातात पडू दे, मग सांग कोणाला सांगायचं ते.' तिनं माझ्याकडं बघितलं. ती माझी शिष्या. ती बसली.

झालं. सांगितलं. मला वाटलं होतं हे वाक्य लिहिताना निब मोडेल.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नवव्या दिवशी तुम्ही पोचलात तर गंगव्वाचा पाय भोपळ्याएवढा. तुमच्या स्वतःच्या घोट्यावर व्रण होता, लहानपणी तुटलेल्या नारूचा. तुम्हाला पट्टी बांधता येत नव्हती, पण तो पाय बघून तुम्ही ओळखलंत. मार्थाला विचारलंत, आणि ती म्हणाली, 'माज्या हातनं तुटला. मी खोटं बोलले.' एवढंच. माझं नाव घेतलं नाही तिनं. गंगव्वानं तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलं, 'हिला परत धाडलं तर कुत्रं सोडीन. तुमच्यातलं कुनीबी हितं दिसाय नको.' मलम घेऊन मी दोनदा गेले तर खरंच कुत्रं सोडलं. लुगड्याचा काठ फाटला माझा.

मग मार्थाला घरी धाडायचं की ठेवायचं, यावर तीन आठवडे आपलं शेवटचं भांडण. मी किती बोलले हो! एका चुकीवर माणूस टाकता? तुमच्या शमुवेलला नारू काडीला बांधता तरी आला असता का? तुम्ही आपले एकच, 'चूक नव्हे बाई. नारू तुमच्या-माझ्या हातूनही तुटेल. पण ती म्हातारीला खोटं बोलली, आणि चार दिवस ते खोटं तसंच राहू दिलं. ते चार दिवस मला समजत नाहीत. ही पोरगी तशी नाही.' चार दिवस, चार दिवस! रोज तेच. मला ठाऊक होतं ते चार दिवस कोणाचे होते. आणि मी भाकरी थापत राहिले.

रविवारी दुपारी तुम्ही ताट सारून विचारलंत, 'बाई, एक सांगा. तुम्हाला हे कधी कळलं?' मी तव्याकडं बघत म्हटलं, 'तुम्हाला कळलं तेव्हाच की.' तुम्ही म्हणालात, 'बरं.' आणि हात धुवायला उठलात. सोमवारी ताप.

त्या 'बरं'नं माझं डोकं खाल्लंय मास्तर. ओळखलं होतंत का? ओळखलं असेल तर मला धरून हलवलं का नाहीत? आणि ओळखलं नसेल तर... जाऊ दे. आजची गोष्ट सांगते. तुम्ही खुर्चीतून उठायची ती गोष्ट!

तुमच्या मातीला मार्था आली होती. सगळ्यांच्या मागं उभी होती, आणि परत येताना नव्हतीच. खोलीत बघितलं तर पेटी तशीच, माणूस नाही. वर्गातल्या बाया म्हणाल्या, पळाली, गिरणीत गेली असेल, बरं झालं. मी गिरणीच्या फाटकाशी दोन दिवस भोंग्याच्या वेळेला उभी राहिले. बाया बाहेर पडायच्या, हजारभर असतील, आणि मी एकेकीचं तोंड बघत. कुठं दिसली नाही. तुम्ही गेलात, ती गेली. मला वाटलं, संपलं, माझ्या हातात काही उरलं नाही.

आणि आज सकाळी फाटकातून बैलगाडी आत येतेय! मी पाट्यावर चटणी वाटत होते. बघते तर बैलांच्या कासऱ्याला मार्था! चालत, पदर कमरेला खोचून, पाय धुळीनं माखलेले. आणि गाडीत उशाला लोड घेऊन पाटलाची आई! मी तसल्याच तिखटाच्या हातानं पळाले. डोळे पुसले तर आग आग झाली, तरी पळाले.

गंगव्वा उतरेना. गाडीतूनच ओरडली, 'मास्तर कुटं हाय तुमचा?' मग स्वतःच म्हणाली, 'गेला म्हनं. ही सांगत हुती. यव्वा, काय मानूस! त्यानं मला त्या दिशी इचारलं, हिला परत धाडू का. तवा मी न्हाय म्हनलं. आता ते उत्तर मला बदलायचं हाय. कुनाला सांगू?'

मास्तर! आजवर इतकी माणसं धाडली आपण, इतक्या गावांना विचारलं. उत्तर बदलायला गाडी जुंपून कोणी आलं होतं का हो कधी? अंगणात सगळे शिकाऊ जमले, पाळकसाहेब चष्मा पुसत बाहेर आले, आणि म्हातारी दरबार भरल्यागत सांगत होती.

तुमच्या मातीवरूनच मार्था निघाली होती, चालत. दुसऱ्या दिवशी उजाडायला पाटलाच्या दारात उभी. 'म्हनली, आजी, नारू तुटला हुता, मी खोटं बोलले. मी काटी उगारली. हाललीच न्हाय की! म्हनली, मारा, पर पाय दावा. कुत्रं सोडलं तर कुत्र्याला बी म्हनती बस. आन् मेलं बसलं!' सगळे हसले. पाळकसाहेबसुद्धा हसले. मग सात दिवस शेक, सात दिवस लिंबाचा पाला. गळू फुटलं, आणि उरलेला तुकडा पुवाबरोबर बाहेर आला. मार्थानं तो तिला दाखवला, मोजून, आणि आधी काढलेल्याबरोबर लावून. 'आता समदा, म्हनली. तवा मी इश्वास ठिवला.' आणि मग म्हातारी सहज बोलून गेली, 'बाज वसरीवर घेतली म्या. गोठ्यात लई माशा व्हत्या.' बस्स, एवढंच. वसरीवर, मास्तर! पाटलाच्या ओसरीवर आपली मार्था बसून पाय धुते, आणि कारण काय, तर माशा!

मी काय करणार होते? नाचायची राहिले. पण गंगव्वा बोलली, 'एकटीनं खोटं बोलली, एकटीनं निस्तरलं. लई घट पोरगी.' आणि मार्था बैलाच्या गळ्यातली घाण काढतेय. तिथं माझ्यानं राहवलं नाही. भर अंगणात, तिखटाचे हात तसेच, मी म्हटलं, 'आजी, एकटी नव्हती. ती तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सांगणार होती. मी अडवलं.' गंगव्वानं मला जवळ बोलावलं. मी गेले. तिनं गाडीतून वाकून माझ्या पाठीत असा धपाटा घातला की कंबरेपर्यंत कळ गेली. 'माजा पाय गेला असता की गं भवाने!' खरं सांगू? इतकं बरं वाटलं मला!

तीन वाजता पंचांची सभा होती. विषय दोन. मार्थाच्या कागदाचं काय, आणि तुमच्या जागी कोण. तुमच्या जागी, ऐका बरं का, माझं नाव होतं! स्वयंपाकीण! मी उभी राहिले आणि पुन्हा सगळं सांगितलं. मोटारीनं गेले तिथपासून तुमच्याशी तोंडावर खोटं बोलले तिथपर्यंत.

मग पाळकसाहेब खाकरले. म्हणाले, 'इस्तरबाई, जे झालं ते झालं. मास्तर तर आता नाहीत. अंगणात बोललात ते बायकांतलं. हे सभेच्या वहीत नको. तुमच्यासारखे हात आम्ही कुठून आणणार? उगीच वर्गाचं नुकसान.' आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! किती मायेनं बोलले हो. मी गोठ्यामागं मार्थाला हेच म्हटलं होतं, शब्दसुद्धा तेच, हातांची काळजीसुद्धा तीच. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ते! त्या पोरीला तरी कसं कळावं?

मी टेबलावर मूठ आपटली. पाळकसाहेबांच्या समोर, हो. म्हटलं, 'लिहा. मी सांगते तसं लिहा, नाहीतर मी चटणी-भाकरीसकट आत्ता फाटकाबाहेर.' लिहिलं त्यांनी. इस्तरबाईंनी शिकाऊ बाईस खरं बोलण्यापासून रोखलं. वर्षभर तिची सही कोणाच्या कागदावर चालणार नाही. तुमच्या जागेवरचं माझं नाव मीच खोडायला लावलं. मार्थाला अजून एक वर्ष वर्गात, आणि मग त्याच गावी, कायमची, कारण गाव स्वतः मागायला आलं. माझ्यासारखी खूश बाई त्या वेळी सोलापुरात नसेल! अठरा वर्षांच्या भांडणात मी हरले, आणि पळत सुटले सांगायला.

मार्था लिंबाखाली गंगव्वाच्या बैलांना पाणी दाखवत होती. मी धापा टाकत म्हटलं, 'राहिलीस तू! एक वर्ष वाढलं, पण राहिलीस! आणि मी सगळं वहीत लिहायला लावलं, माझ्या नावानिशी!' मला वाटलं, हसेल. निदान 'बाई' म्हणून गळ्यात पडेल.

तिनं बादली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत असा राग मी कधी बघितला नव्हता. म्हणाली, 'आता वहीत लिवून काय, बाई? मी त्याच दिशी चालले हुते की मास्तरांकडं. तुमी बसवलंत, म्हनून बसले. तुमचं आयकलं. मास्तरांनी मला इचारलं, चार दिवस का गप होतीस, पोरी? मी काय सांगनार? तुमचं नाव घिऊ? ते तीन आटवडे रोज माज्याकडं बघायचे. रागानं न्हाय, नुसतं बघायचे. मला खोटारडी समजूनच गेले की ते.'

मग तिनं बादली उचलली आणि दुसऱ्या बैलापुढं धरली. मला पट्टी बांधता येते, गळू फोडता येतं, आडवं आलेलं मूल सरळ करता येतं. यावर मला काहीसुद्धा येत नव्हतं. गंगव्वाची गाडी गेली, मार्था फाटकापर्यंत पोचवायला गेली, आणि मी इथं येऊन कागद पुढं ओढला.

तर ही ती दुसरी गोष्ट. गंगव्वाचा पाय वाचला, वहीत लिहिलं गेलं, मला धपाटा मिळाला, सगळं झालं. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं. ते चार दिवस तुम्हाला समजत नव्हते ना? तुम्ही बरोबर म्हणत होतात, ती पोरगी तशी नाही. ती तुमच्याकडं यायला निघाली होती. तिच्या मनगटावर माझा हात होता. तुम्ही जाताना मनात एक खोटारडी घेऊन गेलात, आणि नाव चुकीचं घेऊन गेलात.

ते नाव काढा, मास्तर. तिथं माझं घाला.